मेसच्या डाळीतलं मीठ: प्रकल्प नोंदी, नाशिक

16 जानेवारी 2025, गुरुवार

विषय अखेर ठरला: वसतिगृहातल्या मुलामुलींच्या जेवणातलं मीठ कमी करणं. आहारशास्त्राच्या आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हा विषय घेतं, चार पोस्टर रंगवतं, एक व्याख्यान ठेवतं आणि शेवटी प्रश्नावली भरून घेतं. प्रश्नावलीत सगळे 'हो, मीठ कमी खायला हवं' यावर खूण करतात आणि खाली उतरून वेफर्सचं पाकीट फोडतात. सरांना म्हटलं, आम्हाला माहिती वाटायची नाहीये. मीठ खरोखर उतरवून बघायचंय. सर म्हणाले, "मग स्वयंपाकघरात जा, वर्गात काही मिळणार नाही." म्हणून गंगापूर रोडच्या बाजूची एक मेस निवडली. जेवणारे साधारण 120. निम्मे सुरगाणा, पेठ, कळवणकडचे, बाकी मालेगाव, येवला, सटाणा आणि थोडे धुळ्या-जळगावचे.

हाताशी ठेवायचे आकडे: जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे 2000 मिलिग्रॅम सोडियम. सपाट भरलेला एक छोटा चमचा. जगाची सरासरी जवळजवळ 11 ग्रॅम आहे. 2013 साली सगळ्या देशांनी मिळून 30 टक्के कपातीचं उद्दिष्ट मान्य केलं होतं, मुदत 2025. ती मुदत पुढे 2030 वर गेली. आम्ही आमच्या मेसपुरतं तेच 30 टक्के धरलंय, मुदत मात्र परीक्षेआधीची.

20 जानेवारी, सोमवार

सकाळी सहाला स्वयंपाकघरात. आचारी मामा मीठ मोजत नाहीत, टाकतात. मोठ्या पातेल्यातल्या डाळीला उकळी आली की डावा हात पातेल्याच्या कडेवर, उजवा हात मिठाच्या डब्यात. मूठ भरून येते, अंगठ्याने वरचा ढीग थोडा खाली पाडला जातो, मग मूठ उलटी न करता बोटांच्या फटीतून मीठ गोल फिरवत सुटतं. त्यानंतर पळीच्या टोकावरचा थेंब तळहातावर घेऊन चाखणं आणि बहुतेक वेळा आणखी अर्धी मूठ. मी वजनकाटा पुढे केला तर मामा हसले. "ताई, हात काय खोटं बोलतो का?" हाताखाली ताटली धरली. तीन मुठी, 41, 38 आणि 44 ग्रॅम. खरं तर हात बऱ्यापैकी सच्चाच निघाला.

गंमत चाखण्यात आहे. मामा सकाळपासून फोडणीच्या धुरात उभे असतात आणि चाखतात ती डाळ उकळती असते. जेवणारा तीच डाळ कोमट खातो. कोमट झाली की तोच खारटपणा जास्त जाणवतो, हे मामांनाही ठाऊक आहे, पण 'गरम असताना बेताची लागली पाहिजे' ही त्यांची सवय तीस-पस्तीस वर्षांची.

मेसमध्ये दोन प्रकारचं मीठ दिसलं, पाकिटातलं बारीक आणि पोत्यातलं जाडं. एकाच वाटीने भरून बघितलं. बारीक मीठ गच्च बसतं, म्हणून वजन जास्त भरतं. त्यामुळे वाटी-चमच्याचं माप बाद, सगळं ग्रॅममध्येच. जाड्या मिठाच्या पोत्यावर आयोडीनचा उल्लेख सापडला नाही, मेस चालवणाऱ्या काकूंना ते बंद करायला सांगितलं आणि त्यांनी लगेच मान्य केलं. मीठ कमी करायचं तर जे उरतं ते आयोडीनचंच हवं. आपल्याकडे खाण्याचं मीठ आयोडीनशिवाय विकायला मनाईच आहे.

24 जानेवारी, शुक्रवार

आठवडाभराची बेरीज. दिवसाला स्वयंपाकात सरासरी 950 ग्रॅम मीठ. भागिले 120, म्हणजे डोईमागे 8 ग्रॅमला जरा कमी. पातेल्यात उरलेली डाळ, टाकलेली भाजी वजा केली तरी 7 च्या वर. आणि हे फक्त दोन वेळच्या जेवणातलं. लोणचं, पापड, सकाळचे पोहे, संध्याकाळची गाडी, रात्रीचे नूडल्स यात नाहीत.

पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ पाकीटबंद खाण्यातून येतं, म्हणून तिथली सरकारं कारखान्यांच्या मागे लागतात. ब्रिटनमध्ये 2001 ते 2011 या काळात पाकिटातल्या पावातलं मीठ हळूहळू 20 टक्क्यांनी उतरवलं, खाणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. आपल्याकडे बरंचसं मीठ फोडणीनंतर पातेल्यात पडतं. त्यामुळे इथला कारखाना म्हणजे मामांची मूठ.

950 मधले 140 ग्रॅम कणकेत जातात, हे बघून मात्र मी वहीत दोनदा रेघ मारली. डाळ, भाजी, लोणचं सगळं खारट असताना पोळीत मीठ कशासाठी? भाकरीत कुणी घालत नाही आणि भाकरी अळणी म्हणून कुणी परत पाठवत नाही. कणकेचं मीठ काढलं की 15 टक्के एका फटक्यात गेले. उरलेले 810 ग्रॅम दहा-दहा टक्क्यांनी दोनदा उतरवले की 656 होतात. एकूण 31 टक्के घट. कागदावर जमलं.

28 जानेवारी, मंगळवार

काकूंशी बसून बोललो. त्यांचा हिशेब सरळ आहे. "अगं, मीठ वाचवून माझे पन्नास रुपये वाचतील. एक पोरगं अळणी म्हणून दुसऱ्या मेसला गेलं तर महिन्याचे अडीच-तीन हजार जातील. तूच सांग." यावर उत्तर नव्हतं, म्हणून अट मान्य केली: तक्रारी वाढल्या तर दुसऱ्या दिवसापासून जुनं प्रमाण.

गुपचूप करायचं की सांगून, यावर आमच्या गटातच वाद झाला. मैत्रिणीचं म्हणणं, सांगितलं की पहिल्याच घासाला सगळ्यांना अळणी लागणार. खरंच आहे. पण लोकांच्या ताटात त्यांना न सांगता प्रयोग करायला सरांनी ठाम नकार दिला. तोडगा असा: फळ्यावर लिहायचं की या सत्रात मेसमधलं मीठ मोजलं जाणार आहे आणि टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे, कुणाला प्रकृतीचं काही कारण असेल तर भेटा. कुठल्या दिवशी, कशात, किती, ते लिहायचं नाही.

चोवीस तासांची लघवी गोळा करून सोडियम तपासावं, असा एक प्रस्ताव आला. शास्त्र म्हणून तोच खरा मार्ग, खाल्लेल्या सोडियमपैकी 90 टक्क्यांच्या आसपास लघवीवाटे जातं. पण पाच लिटरचा कॅन घेऊन कॉलेजला, तिथून लायब्ररीला, तिथून सिटी बसमध्ये कोण हिंडणार? शिवाय नीतिसमितीची मंजुरी येईपर्यंत सत्र संपलं असतं. सोडला.

3 फेब्रुवारी, सोमवार

एका सीनियरने सुचवलं, एवढी खटपट कशाला, मेसला कमी सोडियमचं मीठ आणून द्या. विचार मोहात पाडणारा आहे. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमध्ये 600 गावांत, जवळपास 21 हजार लोकांवर, 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइडवालं मीठ देऊन मोठा अभ्यास झाला, 2021 साली तो प्रसिद्ध झाला. पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आलं. आणि परवाच, जानेवारीच्या शेवटी, जागतिक आरोग्य संघटनेने अशा मिठाची शिफारसही केली.

पण शिफारशीतच अपवाद आहेत: गर्भवती स्त्रिया, लहान मुलं, मूत्रपिंडाचा त्रास असलेले. मूत्रपिंड बिघडलं असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. घरी माणसं मोजकी, कुणाला काय आहे ते माहीत असतं. इथे 120 विद्यार्थी आणि काम करणाऱ्या मावश्या. त्यांतल्या एकीला गोळ्या चालू आहेत, कसल्या ते तिलाही नीट सांगता येईना. सामाईक पातेल्यात नको. घरी आईवडिलांसाठी आणायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, एवढंच त्या सीनियरला सांगितलं.

10 फेब्रुवारी, सोमवार

कणकेतलं मीठ बंद. कुणाच्याही लक्षात आलं नाही. पोळ्या लाटणाऱ्या मावशी म्हणाल्या, कणीक जरा सैल लागते आहे. पाणी थोडं कमी केलं.

15 फेब्रुवारी, शनिवार

आज पहिला दहा टक्क्यांचा टप्पा डाळीभाजीत सुरू. मामांसाठी रोजचं मीठ सकाळीच तोलून पातेल्यागणिक वेगळ्या वाट्यांत ठेवलंय. मूठ तीच, फक्त डब्यातच कमी.

त्याच वेळी काही मुलामुलींना दिवसभरात बाहेर खाल्लेलं लिहून ठेवायला सांगितलं होतं. त्या वह्या वाचताना वाटलं, आपण पातेल्याशी झगडतोय आणि चोरी भलत्याच दाराने होतेय. रविवारी सकाळी मिसळ, नाशिकची, म्हणजे रश्श्याबरोबर फरसाण, दही आणि वर पापड. संध्याकाळी कॉलेज रोडला उलटा वडापाव. पेरू घेतला तरी तिखटमीठ लावून. आणि रात्री अकराला किटलीत नूडल्स.

नूडल्सचं पाकीट घेऊन बसलो. मागच्या तक्त्यात सोडियम 100 ग्रॅममागे दिलेलं असतं, पाकीट मात्र 70 ग्रॅमचं. शंभराला हजार मिलिग्रॅम असेल तर पाकिटात 700. सोडियमचं मीठ करायला अडीचने गुणायचं, म्हणजे पावणेदोन ग्रॅम. ही मुलं एका पाकिटावर थांबत नाहीत. दोन पाकिटं, साडेतीन ग्रॅम, दिवसाच्या मिठातलं दोन तृतीयांशाहून जास्त रात्री अकरा वाजता. एका मुलाला हा गुणाकार करून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे मसाल्याची पुडी अर्धीच टाकायची ना?" आमच्या चार पोस्टरांपेक्षा हे उत्तर चांगलं होतं, कारण मीठ बरंचसं त्या पुडीतच असतं. फळ्यावर त्याचंच वाक्य लिहिलं.

पाकिटावर सोडियम शोधायचं कसं, हे मात्र शिकवावं लागतं. 'मीठ' असा शब्द तक्त्यात नसतोच. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे सोडियम मिलिग्रॅममध्ये आणि एका वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही छापावं लागतं. ते टक्के 2000 मिलिग्रॅमवर काढलेले असतात. अडचण 'एका वाढणी'ची. कंपनीची वाढणी म्हणजे मूठभर, आमच्या मुलांची वाढणी म्हणजे पाकीट संपेपर्यंत.

चायनीजच्या गाडीबद्दल सगळ्यांना एकच भीती, अजिनोमोटो. वजनाला वजन धरलं तर त्यात सोडियम मिठाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. त्याच कढईत पडणाऱ्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या घरात सोडियम असतं, त्याकडे कुणी बघत नाही.

26 फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. निम्मी मेस पहाटेच त्र्यंबकेश्वरला गेली, उरलेल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी आणि बटाट्याचे वेफर्स. सगळं सैंधवात. उपास म्हणजे पोटाला आराम, त्यात सैंधव म्हणजे मीठच नव्हे, अशी पुष्कळांची पक्की समजूत. सैंधव जमिनीतून निघतं, समुद्रातून नाही, एवढाच फरक. बाकी तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, आणि आयोडीन सहसा घातलेलं नसतं. आज मामांनी सैंधव हातानेच घातलं, कारण माझ्या वाट्या साध्या मिठाच्या होत्या. तोललं तर रोजच्यापेक्षा जास्त भरलं. "ताई, हे कमी खारट असतं, म्हणून दोन बोटं जास्त." उपासाच्या दिवशी वाद घालायचा नाही असं ठरवून गप्प बसले. पुढच्या एकादशीला सैंधवाच्याही वाट्या.

12 मार्च, बुधवार

1930 साली याच तारखेला दांडीयात्रा निघाली, म्हणून गटातल्या एकाला मिठाचा पोस्टर करायचा होता: गांधीजी मीठ उचलताहेत आणि खाली 'आज ते खाली ठेवा'. कल्पना चटकदार, पण मी अडवली. त्याच वर्षी आपल्याकडे शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या मिठावरच्या हक्कासाठी. त्याचा विनोद आमच्या प्रकल्पाने करायला नको. त्याने तोंड पाडलं, मग पेरूवाल्याच्या गाडीवर लावायला छोटी पाटी केली: 'तिखट लावा, मीठ मागून घ्या'. पेरूवाले काका म्हणाले, लावतो, पण दोन्ही एकाच डबीत आहे. आता त्यांना दुसरी डबी नेऊन दिली आहे.

17 मार्च, सोमवार

दुसरा टप्पा. आणि पहिली तक्रार. दुपारी दोघा-तिघांनी वाटी सरकवून ठेवली, "आज डाळीला चवच नाही." काकूंनी माझ्याकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत. मी पातेल्याशी गेले. डाळ पातळ होती. आज जेवणारे वाढले म्हणून दोन तांबे पाणी वाढवलं होतं आणि मीठ तोललेलं तेवढंच. म्हणजे ठरवलं होतं त्यापेक्षा बराच मोठा उतार एका दिवसात झाला.

संध्याकाळी मामांनीच सूत्रं हातात घेतली. लसूण ठेचून तेलात तांबूस होईपर्यंत, त्यात जिरं आणि सुकी मिरची, डाळीत चार आमसुलं, उतरवताना कोथिंबीर. भाजीत दाण्याचा कूट थोडा जास्त. आणि मुख्य म्हणजे अर्धं मीठ शेवटी. आंबट आणि खमंग असलं की जीभ मिठाचा हिशेब विचारत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, मामांना ते हातात होतं. त्याच मुलांनी दुसऱ्यांदा डाळ घेतली. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आता वाढायच्या वेळीच घालतो. आधी घातलं की पाणी सुटतं, मीठ त्या पाण्यात जातं आणि वाढपी वरून पुन्हा घालतो.

25 मार्च, मंगळवार

ऊन चढलंय. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे मैदानावर 1600 मीटरचे फेरे मारून येतात, शर्ट पिळून निघालेले. त्यांचा मुद्दा रास्त वाटतो: "मॅडम, आमचं मीठ घामात जातं, आम्हाला कमी करू नका." घामात मीठ जातं हे खरं. पण तास-दीड तासाच्या सरावातून जातं ते दोन वेळच्या जेवणातून, कपात धरूनसुद्धा, भरून निघतं. त्यांना कमी पडतं ते पाणी. एक जण सरावानंतर रोज ओआरएसची पुडी पितो. एक लिटरच्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय साखर, पोटॅशियम आणि सायट्रेट. ते जुलाबासाठी बनवलेलं औषध आहे, सरबत नव्हे. सांगितलं की भर उन्हात खूप वेळ पळणार असाल, चक्कर येत असेल, तर गोष्ट वेगळी. रोजच्यासाठी पाणी आणि दुपारी ताक. ताकात मीठ? चिमूटभर, तेही जिऱ्याची पूड जास्त घालून.

याच मुलांच्या टेबलावर एक गोष्ट रोज बघते. ताट समोर आलं की पहिला घास घेण्याआधीच हात मिठाच्या भांड्याकडे जातो. चव बघण्याचा प्रश्नच येत नाही, नुसती सवय. मिठाची भांडी अजिबात बंद केली तर भांडण होईल, म्हणून बंद केली नाहीत. टेबलावरून उचलून भाजी वाढायच्या खिडकीपाशी एकच भांडं ठेवलंय, त्यात हिंगाच्या डबीतला चिमुकला चमचा. पाहिजे त्याने उठून जावं.

4 एप्रिल, शुक्रवार

पुन्हा आठवडाभर तोलून झालं. दिवसाला सरासरी 670 ग्रॅम, ठरवलेल्या 656 च्या जरा वर, कारण मामा अधूनमधून वाटी संपल्यावर डब्यात हात घालतात. डोईमागे साडेपाच ग्रॅम. म्हणजे तीस टक्क्यांच्या काठावर आहोत, पण 5 ग्रॅमच्या आत नुसत्या जेवणानेही आलेलो नाही. पापड, लोणचं धरलं तर अजूनच बाहेर. एका पापडाचे अर्धा ग्रॅम तरी धरायला हवेत, त्यात पापडखाराचंही सोडियम असतं. अहवालात हे असंच लिहिणार आहे. मैत्रिणीला 'उद्दिष्ट साध्य' असं शीर्षक हवं होतं. आकडा तक्त्यात घालू, विशेषण नको, यावर मिटलं.

महिना संपला तरी कुणी मेस सोडली नाही. दोघं नवे आले, पण ते आमसुलाच्या डाळीमुळे की शेजारची मेस सुट्टीसाठी बंद झाल्यामुळे, सांगता येत नाही. एक मुलगी पाडव्याला घरी जाऊन आली, म्हणाली, आईची भाजी खारट लागली आणि आईला ते आवडलं नाही. जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते, असं अभ्यास सांगतात. ती जीभ सुट्टीत घरी गेल्यावर पुन्हा उलट्या दिशेनेही सरावेल, त्याचं काय करायचं ते सध्या कुणाकडेच नाही.

11 एप्रिल, शुक्रवार

परीक्षेआधीची शेवटची नोंद. वजनकाटा मेसमध्येच राहील. मामांनी मापाच्या वाट्यांवर नेलपॉलिशने रेघा मारून घेतल्या आहेत: लाल डाळीला, गुलाबी भाजीला. 'माणसं वाढली तर पाण्याबरोबर मीठही मोजून वाढवा, पण मागच्या महिन्याच्या रेघेने' हे भिंतीवर खडूने लिहिलंय.

राहिला लोणच्याचा प्रश्न. काकू मेमध्ये कैरीचं लोणचं घालणार, वर्षाचं. त्यातलं मीठ कमी करा असं मी म्हणणार नाही, मीठ उतरवलं तर लोणचं नासतं आणि बुरशी येते. वाढताना कमी देता येईल का, एवढंच विचारलं. आत्ता पळीने वाढतात, एका वेळी तीन-चार फोडी आणि वर खार. काकू म्हणाल्या, फोड एकच देते, खार मागितला तर देईन. मग थोडं थांबून, "आणि फोडी बारीक करू का या वर्षी?" बारीक फोडींचं लोणचं करून बघायचं ठरलं. जूनमध्ये मेस उघडली की आधी बरणीतली एक फोड तोलायची आहे.